पंचेंद्रियांची साक्ष

कानांत आणि डोळ्यांत चार बोटांचे अंतर, असे आपले वाडवडील सांगत आले. ऐकलेल्यावर विसंबू नये, पाहिलेल्यावर विसंबावे, हा त्यातला मथितार्थ. परंतु भर उन्हाळ्यात यवतमाळहून पांढरकवड्याकडे निघालेल्या प्रवाशाने या म्हणीवर फार भिस्त ठेवू नये! पारा ४५ अंशांकडे झुकलेला असतो आणि समोरचा डांबरी रस्ता चक्क पाण्याने भिजलेला दिसतो. जवळ जावे तो पाणी पुढे सरकते. हरणाला नाव ठेवून आपण याला मृगजळ म्हटले; पण फसतो तो मोटारीतला माणूसही. वास्तविक डोळा खोटे बोलत नाही. तापलेल्या रस्त्यालगतच्या विरळ हवेतून येताना प्रकाशकिरण वाकतात आणि आकाशाचाच तुकडा रस्त्यावर दिसतो. त्याला 'पाणी' म्हणते ते आपले मन.

आमचा जिल्हा कापसाचा, तेव्हा दुसरा दाखला कापसाचाच घेऊ. किलोभर कापूस जड की किलोभर लोखंड? आपण शहाण्यासारखे 'दोन्ही सारखेच' म्हणतो. पण आधी कापसाची पिशवी उचला, मग लोखंडाचे वजन उचला. लोखंडच जड लागेल! सारख्या वजनाच्या दोन वस्तूंत लहान वस्तू जड भासते, ही गोष्ट शार्पांतिए या फ्रेंच वैद्याने १८९१ साली नोंदवली. गंमत अशी की, तराजूत घालून खात्री करून घेतली तरी हा भास जात नाही. म्हणूनच कापसाची गाडी हाताच्या अंदाजाने विकली जात नाही, काट्यावर चढते.

आता नाकाकडे वळू. दिवाळीत उंबरठा ओलांडताच तळणीचा घमघमाट येतो. घटकाभर स्वयंपाकघरात बसा, तो नाहीसा होतो. वास गेलेला नसतो, नाकाने त्याची दखल घेणे सोडलेले असते. इंद्रिये मोजमाप करीत नाहीत. ती मुख्यतः बदल कळवतात. गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या उग्र वासाचीही नाकाला अशीच सवय होते. म्हणून बाहेरून आलेला पाहुणा "वास येतोय" म्हणाला, तर त्याला हसण्यावारी नेऊ नये.

याहून दारुण प्रसंग आमच्या जिल्ह्याने पाहिला आहे. २०१७ च्या हंगामात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक माणसे दगावली. शेकडोंना रुग्णालयात जावे लागले. कारणे अनेक होती. कपाशी माणसाएवढी वाढली होती, औषधांची मिश्रणे होत होती, संरक्षक साधने पुरेशी नव्हती. पण या विषांचा कावाही ध्यानात घ्यावा. त्यांतली कित्येक कातडीतून अंगात शिरतात, आणि शिरताना चटका बसेलच असे नाही. घामेजल्या पाठीवर तुषार उडाले तर उलट गारच वाटते. नाकही वासाला सरावते. मळमळू लागते, डोळ्यांपुढे धूसर होते, तेव्हा विष आत पोचलेले असते. तिथे "मला काही होत नाही" ही अंगाची साक्ष काय कामाची? हातमोजे, मुखपट्टी आणि वाऱ्याची दिशा यांवरच तिथे भरवसा ठेवायचा.

मग इंद्रियांवर अविश्वासच ठेवायचा काय? मुळीच नाही! साक्षीदार प्रामाणिक आहेत. पण एकट्याच्या साक्षीवर निकाल देऊ नये, इतकेच. गार पाण्यातून काढलेल्या हाताला लेकराचे कपाळ तापलेले लागते. आईने घाबरू नये. आधी थर्मामीटर लावावा.