शून्य वेळात होणारं काम

संपादकांनी चिपवर लेख मागितला होता. मी अडकलो ते जिच्यात सिलिकॉनचा कणही नाही अशा एका गोष्टीत. तिचं नाव सिस्टिमसी. म्हणायला भाषा, खरं तर सी++ची एक लायब्ररी. साधा सी++ कंपायलर असला की काम भागतं. फक्त प्रोग्रॅमचं मुख्य फंक्शन 'मेन' नसून 'एससी_मेन' असतं, कारण खरं 'मेन' लायब्ररीनेच बळकावलेलं असतं. घर तुमचं, किल्ल्या तिच्याकडे.

गरज जुनीच. चिप हातात येईपर्यंत तिचे ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी करायचं काय? हार्डवेअरवाले व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएलमध्ये लिहितात, सॉफ्टवेअरवाले सी, सी++मध्ये. दोघांना एकाच मॉडेलवर आणायचं, म्हणून सिनॉप्सिस कंपनी आणि अर्व्हाइनचं कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्या 'सीनिक' या कामातून पुढे सप्टेंबर 1999 मध्ये सिस्टिमसी जाहीर झाली. 2005 मध्ये ती आयईईई 1666 हे मानक बनली. इतिहास एवढा पुरे.

मला भुरळ पडली ती तिच्या शेड्युलरची, म्हणजे कोणी कधी चालायचं ते ठरवणाऱ्या भागाची. दोन रजिस्टर घ्या, एकात 5, दुसऱ्यात 7. क्लॉकच्या ठोक्याला त्यांनी अदलाबदल करायची आहे. साध्या सी++मध्ये 'अ'मध्ये 'ब' घातला, मग 'ब'मध्ये 'अ', की दोन्हीकडे 7. पाच गेले. सर्किटमध्ये असं होत नाही. तिथे दोघेही एकाच क्षणी एकमेकांची जुनी किंमत वाचतात. एका मागून एक ओळी चालवणाऱ्या भाषेत हा 'एकाच क्षणी' आणायचा कुठून?

सिस्टिमसी दोन टप्पे करते. आधी जाग्या झालेल्या सगळ्या प्रोसेस, म्हणजे मॉडेलच्या भागांचं वागणं लिहिलेले कोडचे तुकडे, आळीपाळीने चालतात. सिग्नलवर, म्हणजे मॉडेलमधल्या तारांवर, त्यांनी लिहिलेलं मात्र कुणालाच दिसत नाही. मतपेटीसारखंच, शेवटचं मत पडल्याशिवाय पेटी उघडायची नाही. मग सगळ्या नव्या किमती लागू होतात. त्या बदलांनी आणखी कुणी जागं झालं, तर पुन्हा फेरी. या फेरीला डेल्टा सायकल म्हणतात, आणि तिच्यात मॉडेलचं घड्याळ तसूभरही हलत नाही. डझनभर फेऱ्या होतील, वेळ शून्य. इतक्या साध्या युक्तीवर एवढा डोलारा उभा राहतो, याचं मला अजून कौतुक वाटतं.

पण डोलारा सौजन्यावर चालतो. 'एससी_थ्रेड' प्रकारची प्रोसेस स्वतः 'वेट' म्हणेपर्यंत शेड्युलर तिला थांबवू शकत नाही. लूपमध्ये वेट लिहायचं राहिलं, तर मॉडेलमधली वेळ गोठते, लॅपटॉपचा पंखा तेवढा घरघरतो. नॉट गेटचं आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडलं, तर डेल्टाच्या फेऱ्या संपतच नाहीत. शिवाय एकाच फेरीत कोण आधी चालेल हे मानकाने ठरवलेलंच नाही. लायब्ररीची आवृत्ती आणि इनपुट तेच असतील, तर क्रम मात्र दर वेळी तोच राहिला पाहिजे. म्हणजे सिग्नल सोडून साध्या व्हेरिएबलमधून दोन प्रोसेस बोलत असतील, तर चूक वर्षभर गप्प बसते आणि लायब्ररी बदलली की उठते.

याहून मोठी अडचण वेगाची. एकेक तार हलवत ऑपरेटिंग सिस्टिम बूट करायची, तर संयम संपतो. म्हणून सिस्टिमसीवर बेतलेल्या, 2008 च्या टीएलएम-2.0 या मानकाने तारा वगळून बसवरचा अख्खा व्यवहार एका फंक्शन कॉलमध्ये बसवला. वर सवलत अशी, की प्रोसेसरचं मॉडेल ठरावीक 'क्वांटम' एवढं इतरांच्या पुढे धावू शकतं. क्वांटम मोठा ठेवला तर बूट झटकन होतं, पण तेवढ्या अवधीत आलेला इंटरप्ट सॉफ्टवेअरला उशिरा दिसतो. वेळेच्या नाजूक गणितावर बेतलेली ड्रायव्हरमधली चूक नेमकी तिथेच दडते. मॉडेल हिरवा दिवा दाखवतं, बोर्डावर यंत्र अडकतं.

2023 च्या मानकाने पाया सी++17 वर नेला, पण प्रोसेसनी आळीपाळीनेच चालायचं हा नियम राहिला. तेव्हा मॉडेलवर सगळ्या चाचण्या पास झाल्या असं कुणी सांगितलं, तर क्वांटम किती ठेवला होता ते आधी विचारा.