शंभराला चार

बारवांवर मी लिहिलेल्या एका मराठी लेखाचं कौतुक करणारी मेल इंग्रजीत आली. लेख सखोल आहे, वाचकांना फार उपयोगी पडेल, असं पहिल्या दोन वाक्यांत होतं. तिसऱ्यात मागणी होती: घरातली पाण्याची टाकी धुऊन देणाऱ्या एका कंपनीच्या साइटची लिंक लेखात घाला, बदल्यात तितक्याच वजनाच्या दुसऱ्या साइटवरून तुम्हाला लिंक देऊ. यादवकाळातल्या पायऱ्यांच्या विहिरी आणि गच्चीवरची प्लास्टिकची टाकी यांच्यात पाणी एवढंच समान. लेख कुणी वाचला नव्हता, हे उघड होतं. खाली सही एका इंग्रज बाईची आणि पत्ता पुण्याचा. व्यापारी मेलमध्ये टपालाचा खरा पत्ता असावा, असा अमेरिकेचा २००३ चा कायदा आहे, म्हणून हा पत्ता द्यावा लागतो, हे मला नंतर कळलं. न वाचता कौतुक करण्याचं काम कुणीतरी रोज बसून करतं, आणि तेही माझ्याच शहरात, हे मनातून जाईना. मी उत्तर पाठवून विचारलं, तुमचं काम बघायला येऊ का? मालकांनी या म्हटलं. ऑफिसचं आणि माणसांचं नाव लिहायचं नाही, एवढीच अट घातली.

ऑफिस सिंहगड रस्त्यावर दुसऱ्या मजल्यावर आहे. तळाला मसाला कांडप. मी गेलो ते एप्रिलमध्ये, म्हणजे वर्षाची तिखटं-मसाले करून घ्यायच्या दिवसांत. जिन्यातच मिरचीचा ठसका लागला. वर एसी चालू, खिडक्या बंद, तरी तो वास फटीतून येतच होता. सातआठ मुलंमुली हेडफोन लावून बसलेली, मधूनच कुणीतरी शिंकायचं. त्यातल्या कोपऱ्यातल्या मुलीच्या शेजारी मला खुर्ची मिळाली. ती मंगळवेढ्याकडची, बी.कॉम. झालेली. मला आलेल्या मेलवरची इंग्रज बाई म्हणजे तीच.

“सर, ते टेम्पलेट असतं,” ती म्हणाली. “फक्त नाव आणि लेखाचं शीर्षक बदलतं. मराठी शीर्षक होतं, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं की पाठवू नये. पण यादीत आलं ना.”

यादी म्हणजे एक लांबलचक शीट. साइटचं नाव, डीआर, महिन्याचं ट्रॅफिक, देश, विषय, मेल कधी पाठवली, फॉलो-अप किती झाले, आणि शेवटी ‘लाइव्ह’. डीआर म्हणजे डोमेन रेटिंग, एचरेफ्स नावाच्या कंपनीने ठरवलेला शून्य ते शंभरमधला आकडा. एखाद्या साइटकडे किती आणि कशा साइट्सवरून लिंका येतात, यावरून तो काढतात. गूगलचा या आकड्याशी संबंध नाही, पण या खोलीत प्रत्येक साइटची ओळख त्यानेच होते. टाकीवाल्यांखेरीज तिच्याकडे आणखी तीन गिऱ्हाइकं होती: मेलबर्नची एक घरसामान हलवणारी कंपनी, इंग्लंडमधलं बागकामाच्या वस्तूंचं दुकान आणि पुण्यातला तांब्याच्या भांड्यांचा एक घरगुती धंदा. प्रत्येकासाठी महिन्याला पंधरा लिंका लाइव्ह झाल्याच पाहिजेत.

त्यासाठी किती मेल जातात, असं मी मालकांना विचारलं. “शंभराला चार,” ते म्हणाले. शंभर मेल गेल्या की चार उत्तरं. ते स्वतः आधी इन्शुरन्स विकायचे, त्यामुळे या आकड्याचं त्यांना वाईट वाटत नाही. मुलीने त्या चारांची फोड करून सांगितली. दोन जण रेट कार्ड पाठवतात, म्हणजे लिंक हवी असेल तर इतके डॉलर. एक जण अदलाबदलीला तयार होतो. आणि एक जण चिडून लिहितो, की पुन्हा मेल करू नका.

अदलाबदल पूर्वी सरळ असायची. मी तुमची लिंक देतो, तुम्ही माझी द्या. नव्वदच्या दशकातल्या वेबरिंगमध्ये एकाच छंदाची माणसं आपापली पानं अशी साखळीने जोडत असत, आणि त्यात गैर काही नव्हतं. शोधण्याची साधनं तेव्हा इतकी कच्ची होती, की वाचक अशाच साखळीवरून चालत पुढच्या पानाला जायचा. लिंकला किंमत आली ती पुढे. स्टॅनफर्डमध्ये लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेली कल्पना विद्वानांच्या जगातून उचललेली होती. ज्या शोधनिबंधाचा हवाला इतर निबंध देतात तो महत्त्वाचा, आणि हवाला देणारा स्वतः महत्त्वाचा असेल तर आणखीच महत्त्वाचा. निबंधाच्या जागी पान आणि हवाल्याच्या जागी लिंक घातली की झाली पेजरँक. त्यांनी एक कल्पित वाचक धरला होता. तो लिंकांवरून भटकत राहतो आणि मध्येच कंटाळून कुठल्यातरी भलत्याच पानावर उडी मारतो. लिंक धरून पुढे जाण्याची शक्यता त्यांनी ०.८५ धरली. या भटक्याची पावलं ज्या पानावर जास्त पडतील ते पान वर.

या हिशेबात एक गोष्ट गृहीत आहे: लिंक देणाऱ्याने समोरचं पान वाचलंय आणि त्याला ते द्यावंसं वाटलंय. २००० साली गूगलच्या टूलबारमध्ये पेजरँकची हिरवी पट्टी आली, शून्य ते दहा, आणि प्रत्येक साइटवाल्याला आपली आणि शेजाऱ्याची पत डोळ्यांना दिसू लागली. मग ‘लिंक्स’ नावाची पानं उगवली. दंतवैद्याच्या साइटवर मोटारींच्या टायरांची लिंक, टायरवाल्याकडे दंतवैद्याची. २००५-०६ च्या बदलांत गूगलने अशा परस्पर लिंकांचं वजन उतरवायला सुरुवात केली. २४ एप्रिल २०१२ ला पेंग्विन नावाचा बदल आला, तेव्हा असंख्य साइट्स एका रात्रीत मागे फेकल्या गेल्या. त्याच ऑक्टोबरात गूगलने नको असलेल्या लिंका नाकारण्याची सोयही दिली. ज्यांनी वर्षानुवर्षं लिंका मागितल्या होत्या, तेच आता त्या काढून टाका म्हणून मेल पाठवायला लागले.

आज गूगलच्या नियमांत अति अदलाबदल स्पॅम म्हणून स्पष्ट नोंदलेली आहे. किती म्हणजे अति, याचा आकडा दिलेला नाही. मालक त्या मोकळ्या जागेत धंदा करतात. सरळ देवाणघेवाण दिसते, म्हणून आता तिकोनी करतात. ऑफिसच्या भाषेत ‘एबीसी’. मेलबर्नच्या साइटने कॅनडाच्या एका साइटला लिंक द्यायची, आणि कॅनडावाल्याने आपल्या हातातल्या तिसऱ्याच साइटवरून मेलबर्नला. वरून पाहणाऱ्याला कुणी कुणाला परत दिलं ते दिसत नाही. पण शीटमध्ये सगळं लिहिलेलं असतं. कुणाकडून किती डीआरची आली, त्याला किती डीआरची गेली, कुणाची फेडायची राहिली. लग्नघरातल्या आहेराच्या वहीसारखी ती शीट चालते, आणि पन्नासच्या जागी तीसची परत आली तर तसाच अबोला धरला जातो.

सौदे मुख्यतः अशा लिंकवाल्यांच्या ग्रुपवर होतात. कुणीतरी टाकतं: ‘डीआर ५२, यूएस ट्रॅफिक, होम निश, डुफॉलो, कसिनो नको’. डुफॉलो म्हणजे गूगलने मोजावी अशी लिंक, नोफॉलो म्हणजे मोजू नये अशी. दोन मिनिटांत तीन हात वर. मुलगी साइट उघडते, ट्रॅफिकचा आलेख बघते, अचानक कोसळलेला असेल तर सोडून देते. बाहेर जाणाऱ्या लिंकांत जुगार किंवा कर्जाच्या साइट्स दिसल्या तरी सोडते. मग कुठल्या लेखात, कुठल्या वाक्यात, कुठल्या शब्दांवर लिंक बसवायची ते ठरतं. लाइव्ह झाली की पानाचा सोर्स उघडून पाहते, कुणी गुपचूप नोफॉलो तर लावलेलं नाही ना. हे सगळं एका साइटला सातेक मिनिटांत. या सात मिनिटांत लेख वाचणं येत नाही. लेख कशाबद्दल आहे हे शीर्षकावरून कळतं, तेवढं पुरतं.

या कामात मला सर्वांत जास्त खुपलं ते हेच. फसवणूक म्हणावी तर ती यंत्राची आहे, आणि यंत्र आता बरंच शहाणं झालंय. डिसेंबर २०२२ पासून अशा लिंका हुडकायला गूगल स्पॅमब्रेन नावाची यंत्रणा वापरतं आणि सापडलेल्या लिंकचं वजन शून्य धरतं. सहसा शिक्षाही होत नाही, फायदाही होत नाही. म्हणजे त्या मुलीच्या कित्येक संध्याकाळी अशा लिंकांत जात असतील, ज्या कुणीच मोजत नाही. ना वाचक, ना यंत्र. अहवालात मात्र त्या पंधरा म्हणून लागतात.

आणि तरीही मला या ऑफिसवर रागावता येत नाही. तांब्याच्या धंद्याची सगळी ऑनलाइन बाजू त्या घरची सून पाहते. तिला मी कसबा पेठेत तांबट आळीत भेटलो. आतल्या खोलीत तिचे सासरे हंड्यावर मठारकाम करत होते, ठोके चुकू न देता. ती म्हणाली, मोठ्या बाजारपेठांच्या साइटवर विकलं तर कमिशनमध्ये मजुरी जाते, म्हणून स्वतःची साइट काढली. पण शोधात ती दुसऱ्या पानावर येते. “दुसऱ्या पानावर कोण येतं हो? आमचं दुकान आळीत आतल्या बाजूला आहे, तसंच झालं ते.” महिन्याचे पैसे ती त्यासाठी भरते. तिला लिंक म्हणजे काय ते नीट ठाऊक नाही. पंधरा झाल्या एवढं कळतं.

आता ज्या गोष्टीकडे मी सारखा वळतोय ती सांगतो. बागकामाच्या दुकानासाठी लिंका शोधताना त्या मुलीला वेल्समधल्या एका निवृत्त शिक्षकाची साइट सापडली होती. मधमाश्यांसाठी बागेत काय लावावं, याची त्याने वर्षानुवर्षं वाढवलेली यादी. डीआर अगदी कमी. सात मिनिटांत सोडून द्यायची साइट. ती बसून राहिली. सगळं पान वाचलं, प्रत्येक लिंक उघडून पाहिली. तीन लिंका मेलेल्या निघाल्या. पूर्वी तिथे असलेले कागद जुन्या वेबच्या साठ्यात शोधले. त्यातले दोन दुसऱ्या पत्त्यांवर अजून होते. ते पत्ते तिने त्याला कळवले. तिसऱ्या जागी, लॅव्हेंडरची छाटणी कधी करावी, हे सांगणारं दुकानाचं पान चालेल का ते बघा, असं लिहिलं. टेम्पलेट वापरलं नाही. सही स्वतःच्या नावाने केली.

उत्तर लांबलचक आलं. तिने मला ते वाचून दाखवलं, मध्ये दोनदा थांबून, कारण काही फुलांची नावं तिला उच्चारता येत नव्हती. त्याने तिन्ही लिंका दुरुस्त केल्या होत्या आणि विचारलं होतं, तुमच्याकडे मधमाश्या कशावर येतात? तिने कळवलं, आमच्या रानात करडई फुलली की येतात, आणि बांधावरच्या बाभळीवर. त्याने करडईवर वाचून पुन्हा लिहिलं. या व्यवहारात परत काही द्यायचं नव्हतं, म्हणून शीटमध्ये त्याच्यासमोर फेडीचा रकाना रिकामा आहे. शंभराला चारमध्ये तो बसतही नाही. त्या मेलला तिचा दीड तास गेला होता, आणि मालकांनी त्या दिवशी तिला विचारलंही होतं, की आज आकडा इतका कमी का.

माझ्या मते या खोलीत मी पाहिलेली खरी लिंक ती एकच. बंद पडलेल्या दुव्यांची दुरुस्ती सुचवणं ही या धंद्यातली जुनी, ओळखीची पद्धत आहे, तिने शोधलेली नाही. पण बहुतेक ठिकाणी त्या पद्धतीचंही टेम्पलेट झालंय. तिने ते काम जसं व्हायला हवं तसं केलं, म्हणजे पान वाचून. पेज आणि ब्रिन यांच्या हिशेबात जो माणूस गृहीत होता, समोरचं वाचून पुढे नेणारा, तो त्या दीड तासात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेला होता.

तांबट आळीतल्या सुनेला मी त्या मुलीचा फोन नंबर दिला. दोघींचं बोलणं झालं. मग मुलीने सुचवलं, की साइटवर उत्पादनांच्या पलीकडे एखादं पान हवं, लोकांना लागणारं. सासऱ्यांनी सांगितलं आणि सुनेने लिहून घेतलं: कल्हई कशी करतात, भांडं किती तापवायचं, नवसागर केव्हा टाकायचा, कथील कापसाने कसं पसरवायचं, आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या तांब्यात का ठेवू नये, कल्हई उतरली हे कशावरून ओळखायचं. सोबत हंड्याच्या आतल्या बाजूचे फोटो, आधीचे आणि नंतरचे. मागे पूर्वीसारख्या अदलाबदलीच्या मेल चालूच आहेत, पंधरा पुऱ्या कराव्याच लागतात. पण कल्हईच्या पानाला एका खाद्यपदार्थांवर लिहिणाऱ्या बाईंनी आणि जुन्या भांड्यांचा संग्रह करणाऱ्या एका गृहस्थांनी न मागता लिंक दिली. महिन्याच्या अहवालाच्या नमुन्यात अशा लिंकांना जागा नव्हती. मुलीने ‘न मागता’ असा रकाना वाढवून तो मालकांकडे पाठवला. मालकांनी नाव बदलून ‘इतर’ केलं, पण रकाना ठेवला, आणि पुढच्या महिन्यापासून तिला आठवड्यातला एक दिवस तुटलेल्या दुव्यांसाठी दिलाय. त्या दिवशी तिच्याकडून आकडा मागत नाहीत.