गरिबांच्या घरचा टेलिफोन

बारामतीहून इंदापूरकडे जातांना वाटेंत भवानीनगरचा साखर कारखाना लागतो. गळिताचा हंगाम सुरू झाला, कीं आसपासच्या मोकळ्या रानांत ऊसतोडणी मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. मराठवाड्याकडून आलेलीं हीं कुटुंबें चार-पांच महिने तेथेंच संसार करितात. कोपींत खुर्ची नसते, कपाट नसतें. टेलिफोन मात्र असतो. गांवीं आजीपाशीं ठेवलेलें मूल, मुकादम, रेशन, बँकेंत जमा झालेली रक्कम, या सर्वांशीं असलेला संबंध त्या एका नंबरावर टिकून असतो. २०२४ सालीं सुरू झालेल्या ‘लाडकी बहीण’ योजनेच्या पडताळणीसाठीं २०२५ मध्यें आधारशीं जोडलेल्या नंबरावर ओटीपी येऊं लागला, तेव्हां तर बंद पडलेला नंबर म्हणजे महिना १५०० रुपयांचा प्रश्न झाला.

आपल्या देशांत टेलिफोन फार स्वस्त आहे, अशी आपणां सुशिक्षितांची समजूत आहे, व ती खोटी नव्हे. १९९५ मध्यें मोबाइलवर येणाऱ्या फोनालाही मिनिटामागें पैसे पडत. २००३ पासून येणारा फोन फुकट झाला आणि २०१६ नंतर इंटरनेटचे दर कोसळले. परंतु ही स्वस्ताई कोणाच्या सोयीची, हें पाहिलें पाहिजे. रोज चित्रपट पाहणाराला ती सोयीची. महिन्यांतून दहा फोन करणारीला नव्हे. २०१८ च्या अखेरीस कंपन्यांनीं नंबर चालू राहण्यासाठींच ३५ रुपयांचें किमान रिचार्ज घातलें. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर मोठ्या खासगी कंपन्यांचा २८ दिवसांचा साधा पॅक दोनशें रुपयांच्या घरांत जाऊन बसला. कंपन्यांचा महिना २८ दिवसांचा असल्यामुळें वर्षांत बाराऐवजीं तेरा रिचार्ज होतात. या किमतींतच १८ टक्के करही आला.

आमच्या घरीं कामाला येणाऱ्या बाईंचा फोन बटणांचा. त्यांत इंटरनेट चालत नाहीं. पण त्यांच्या पॅकमध्यें त्याचेही पैसे धरलेले होते. डिसेंबर २०२४ मध्यें दूरसंचार नियामक प्राधिकरणानें केवळ बोलणें व संदेश यांसाठीं निराळे पॅक ठेवण्याचा हुकूम काढला. जानेवारींत ते निघालेही, पण ८४ दिवसांचे आणि साडेचारशें रुपयांच्या आसपासचे. जुन्या पॅकला दिवसाकाठीं सात रुपये पडत होते, नव्याला साडेपांचही पडत नाहींत. हा हिशेब मी बाईंना मोठ्या उत्साहानें समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, “वहिनी, एवढे एकदम कुठून आणू?” माझा हिशेब तेथेंच संपला.

वस्तुतः या कामासाठीं पैसा आहे. कंपन्यांच्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग सरकार सार्वत्रिक सेवेसाठीं घेतें. त्या निधीला २००३ मध्यें कायद्याचा आधार मिळाला आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानें त्याचें नांव ‘डिजिटल भारत निधि’ झालें. त्यांतून मनोरे उभे राहिले, भारतनेटची तार ग्रामपंचायतींपर्यंत पोंचूं लागली. तें आवश्यकच होतें. पण नीरेचा कालवा शिवाराजवळून गेला म्हणजे प्रत्येक रान भिजतेंच असें नाहीं, हें बारामती-इंदापूरच्या माणसाला सांगावयास नको.

अमेरिकेंत १९८५ पासून ‘लाइफलाइन’ योजनेखालीं गरीब कुटुंबाच्या बिलांतूनच कांहीं रक्कम वजा होते. तेथेंही सारें सुरळीत आहे असें नव्हे. ब्रॉडबँडसाठीं महिना ३० डॉलर देणारी दुसरी योजना पैसे संपल्यामुळें २०२४ मध्यें बंद पडली. केरळनें २०२३ मध्यें के-फॉन सुरू करतांना २० लाख गरीब कुटुंबांना फुकट इंटरनेट देण्याचा संकल्प सोडला. महाराष्ट्रानें लगेच एवढी उडी मारावी असें माझें म्हणणें नाहीं. पिवळें रेशनकार्ड असलेल्या घराला बोलणें, संदेश आणि ओटीपी एवढ्यापुरता, आठवड्याच्या बाजाराबरोबर थोडथोडे पैसे भरून चालणारा पॅक मिळावा. तूट त्या निधींतून भरून द्यावी. यानें लोकांना फुकटाची संवय लागेल, अशी शंका आमच्याच घरांत निघाली.

बाईंना मीं साडेचारशें रुपये उचल म्हणून दिले. दरमहा दीडशेंप्रमाणें त्यांनीं ते तीन महिन्यांत फेडले, एकदाही आठवण करावी लागली नाहीं. ८४ दिवस संपल्यावर मीं पुन्हा विचारलें, तर त्यांनीं मान हलविली. उचल नको म्हणाल्या, आणि येतांना त्या २८ दिवसांचाच पॅक घालून आल्या होत्या.