खानावळीचं वेळापत्रक

मुलांनो, तुमच्या वर्गाच्या भिंतीवर वेळापत्रक असतं. खानावळीलाही वेळापत्रक असतं बरं का! फक्त ते भिंतीवर नसतं, शेतात असतं.

आमच्या सोलापुरातल्या घरगुती खानावळींत मालक किंवा मालकीणबाईच स्वयंपाक करतात. आई-आजीकडून शिकलेला हा स्वयंपाक. ज्वारीची भाकरी, शेंगाभाजी आणि शेंगाचटणी बारा महिने असते. बाकीचं ताट ऋतूप्रमाणे बदलतं. पावसाळ्यात तांदुळजा, घोळ अशा पालेभाज्या. जानेवारीत भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हरभरा, पावटा, वांगी, गाजर यांची मिसळीची भाजी. उन्हाळ्यात आमटीत शेवगा आणि तोंडी लावायला कैरी!

पण भाकरी ज्वारीचीच का? आपल्याकडे पाऊस कमी. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरतात आणि काळ्या मातीत मुरलेल्या ओलाव्यावर ती वाढते. डिसेंबर-जानेवारीत तिच्या कोवळ्या कणसांचा हुरडा होतो आणि पुढे महिना-दोन महिन्यांत काढणी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

आता थोडं विज्ञान. गव्हात ग्लुटेन नावाचं चिवट प्रथिन असतं, ज्वारीत ते नसतं. म्हणून ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळून हातानं थापावं लागतं. पीठ जुनं झालं की भाकरीला चिरा पडतात. 'पिठाची विरी गेली,' असं आजी म्हणते ना, ते हेच! आणि भाकरी पातळ थापून, भाजून, वाळवली की होते कडक भाकरी. तिच्यात पाणी जवळजवळ उरतच नाही. मग बुरशी येणार कशी? म्हणून ती कित्येक दिवस टिकते आणि प्रवासात शिदोरी म्हणून चालते.

गंमत म्हणजे चटणीतले शेंगदाणे आणि मिरची मूळचे अमेरिका खंडातले. समुद्र ओलांडून आले आणि आपल्या उखळात आपलेच झाले!

भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रसंघानं 2023 हे वर्ष भरड धान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. पण ज्वारी नुसत्या कौतुकानं टिकत नाही. ताटात कुणी भाकरी मागितलीच नाही, तर खानावळीत ती थापणार कोण? आणि शेतकरी तरी ज्वारी कशाला पेरील? तो उसाकडे वळेल, आणि उसाला पाणी किती लागतं ते तुम्ही पाहताच. भाकरी थापायची कला पुस्तकात राहत नाही, हातात राहते. एका पिढीनं हात आखडला की ती गेलीच.

तेव्हा पुढच्या वेळी बाहेर जेवायला गेलात की आधी विचारा, "काका, आज शेतातून काय आलंय?" आणि या रविवारी आजीजवळ बसून एक भाकरी स्वतः थापा. आई-बाबांनो, पिठाचा थोडा पसारा चालवून घ्या हं! पहिली भाकरी सोलापूर जिल्ह्याच्या नकाशासारखी होईल. होऊ दे! दहावी नक्की गोल होईल.