काम चारला, तोवर हैदराबाद

वसमतकडच्या हट्ट्याच्या माणसाला मोठं शहर म्हटलं की मुंबई आठवते ती टीव्हीमुळं, आणि पुणं आठवतं ते पोरांच्या नोकऱ्यांमुळं. घरातल्या पत्र्याच्या पेटीतल्या जुन्या कागदांना विचारा. ते हैदराबादच सांगतील. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि पुढं १९५६ पर्यंतही राजधानी तीच होती. आता तिकडं जाणं होतं ते दवाखान्यासाठी, मशीनच्या सुट्या भागासाठी, नाहीतर भाच्याच्या मुलाखतीसाठी. ज्याच्याकडं काम असतं तो हमखास म्हणतो, "चार बजे आओ." तिथंच खरी सहल सुरू होते. मात्र एक अट आहे. सोबत दोस्त पाहिजे, कारण या शहरातल्या निम्म्या गमतींना माणसं दोन लागतात.

पहिली गंमत गोवळकोंड्याची. एकानं फतेह दरवाज्याच्या घुमटाखाली उभं राहून टाळी वाजवायची, दुसऱ्यानं वर बालाहिसारला कान लावून थांबायचं. टाळी वर ऐकू येते! दारात कोण आलं हे वरच्या पहारेकऱ्याला कळावं म्हणून केलेली ही सोय. आता प्रश्न एवढाच की साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या चढून वर जायचं कुणी? इथं मैत्रीची कसोटी लागते. ज्याचं काम असेल त्यानं वर जावं आणि जो नुसता सोबत आला त्यानं खाली टाळ्या वाजवाव्यात, हा आमच्या मते न्याय. कोहिनूर याच गोवळकोंडा राज्यातल्या कोल्लूरच्या खाणीतला मानतात.

हिऱ्यांचा विषय निघालाच आहे तर शेवटच्या निजामाचंही सांगायला हवं. मीर उस्मान अली खान एके काळी जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस समजला जाई. १८४ कॅरटचा जेकब हिरा त्याला म्हणे वडिलांच्या जोड्याच्या टोकात सापडला आणि त्यानं तो कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवला. हिरा आता भारत सरकारच्या ताब्यात आहे. या राज्याचं नाणंही वेगळं होतं. हाली रुपया निजामाचा, कलदार इंग्रजांचा, आणि सात हाली म्हणजे सहा कलदार. उस्मान अलीच्या रुपयावर चारमिनार असे, त्यामुळं हट्ट्याच्या कित्येक आज्यापणज्यांनी चारमिनार पाहिला तो पदराच्या गाठीत.

खरा चारमिनार १५९१ चा, मुहम्मद कुली कुतुबशहानं बांधलेला. त्याच्याविषयी इतकं लिहिलं गेलंय की आम्ही पुढं सरकतो.

सालारजंग संग्रहालयात मात्र वेळ काढा. एकाच लाकडात कोरलेली दोन माणसं आहेत: समोरून ताठ मानेचा सैतान मेफिस्टोफिलीस, मागून मान खाली घातलेली मार्गारेटा. मागं आरसा लावलाय, म्हणून दोघं एकदम दिसतात. तिथं दोस्ताला आरशासमोर उभं करून "गड्या, तुझं खरं तोंड कोणतं?" विचारण्याचा मोह आवरत नाही. बुरख्यातली रिबेका पाहताना मात्र दोघंही गप्प होतात. इटालियन शिल्पकार बेन्झोनीनं संगमरवरातून असं झिरझिरीत वस्त्र कोरलंय की हात लावून बघावंसं वाटतं. (लावू नका, शिपाई ओरडतो.) निजामाचा दिवाण असलेल्या पहिल्या सालारजंगानं ती १८७६ मध्ये रोममध्ये घेतली. अंगणातल्या घड्याळाची तऱ्हाच न्यारी. तास भरला की एक छोटा माणूस बाहेर येऊन टोले देतो आणि ते बघायला मोठी माणसं लहान पोरांसारखी आधीच जागा धरून बसतात. शहाण्यानं बाराच्या ठोक्याला जावं, तेवढ्याच वेळेत बारा टोले पदरात पडतात. शुक्रवारी संग्रहालय बंद.

संग्रहालयाच्या दारातली मुसी आज बघून विश्वास बसत नाही, पण २८ सप्टेंबर १९०८ ला तिनं हजारोंचे जीव घेतले. अफझलगंजात एका चिंचेच्या झाडावर चढलेली सुमारे दीडशे माणसं वाचली. ते झाड उस्मानिया दवाखान्याच्या आवारात आहे. रुग्णाला घेऊन आलेल्यांनी डबा खायला तीच सावली शोधावी. पुरानंतर अभियंते विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं आणि पुढं उस्मानसागर, हिमायतसागर ही धरणं झाली. एसटीनं आलात तर उतरता तो महात्मा गांधी बस स्टँडही याच नदीतल्या बेटावर आहे.

आता आपल्या भागाची बढाई. तेव्हाच्या वसमत तालुक्यातल्या पुरजळचे केशवराव कोरटकर हैदराबादला जाऊन नामांकित वकील झाले, पुढं हायकोर्टाचे न्यायाधीश. १९०७ मध्ये तिथं विवेकवर्धिनी ही मराठी शाळा उभी राहिली, त्यातही त्यांचा वाटा होता. नारायणगुड्यातली केशव मेमोरियल शाळा त्यांच्याच नावाची. १९३१ चं मराठी साहित्य संमेलनही हैदराबादलाच भरलं, अध्यक्ष ज्ञानकोशकार केतकर. कोठीच्या बाजारात कुणी अस्सल मराठीत "काय पाहिजे?" विचारलं तर दचकू नका.

आता खाण्यातलं, हलीमचं एक. हैदराबादी हलीमला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, देशात मांसाहारी पदार्थाला मिळालेलं ते पहिलं. आपण कशाला मागं राहतो? २०२४ मध्ये वसमतच्या हळदीलाही ते मिळालं. परतीची गाडी तर निजामाबादवरूनच जाते, तिथं २०२५ मध्ये राष्ट्रीय हळद मंडळाचं मुख्यालय सुरू झालं. डब्यात एक निजामाबादी आणि एक वसमतचा समोरासमोर बसले की क्विंटलच्या भावावरून नांदेडपर्यंत कुणाचा डोळा लागत नाही. आणि हा रेल्वेमार्ग? शंभर वर्षांहून जुना, निजामाच्या काळात हैदराबादहून मनमाडला मीटरगेजनं आला तोच, फक्त आता ब्रॉडगेज झालेला.

कामाचं विचाराल तर साहेब चारला नसतात, पाचला येतात. मधला तास इराणी हॉटेलाचा. चहा कडक मागवा. उस्मानिया बिस्किट गोडही लागतं आणि खारटही. नाव निजामाचं, पण बिल दोस्तानं द्यायचं. गोवळकोंड्यावर कोण चढलं होतं?