जुन्या लष्करी जीपगाडीचा जीर्णोद्धार

दुसऱ्या महायुद्धात ज्या जीपगाडीने वाळवंट आणि चिखल सारखेच तुडविले, तिचे जुने नग शोधून काढणे, दुरुस्त करणे व विकणे हा आज अनेकांचा छंद होऊन बसला आहे. ह्या कामाचे मर्म आमच्या वाचकांस कळावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१९४० साली अमेरिकेच्या सैन्यास चारही चाकांस गती मिळणारी हलकी गाडी हवी होती. पहिला नमुना बँटम कंपनीने करून दिला; परंतु बहुतेक गाड्या विलिस-ओव्हरलँड व फोर्ड ह्या कंपन्यांनीच बांधल्या. युद्ध संपेपर्यंत त्या दोघींच्या गाड्यांची संख्या सहा लाखांवर गेली. इंजिन चार सिलिंडरांचे, शक्ती साठ अश्वांची. पुढे त्या दशकाच्या अखेरीस महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीने मुंबईस विलिसच्या जीपा जोडण्यास आरंभ केला. लष्करी व नागरी जीपेचे घराणे असे एकच असल्यामुळे एकीचे काही भाग दुसरीस बसतात. दुरुस्तीची सोय ह्यामुळेच होते आणि फसवणुकीस वावही ह्यामुळेच मिळतो.

मग खरी लष्करी जीप ओळखावी कशी? प्रारंभीच्या काही गाड्या वगळल्यास तिच्या तोंडावरील जाळीस नऊ उभ्या फटी असतात; नागरी जीपेस सात. लष्करी जीपेचे दिवे लहान व जाळीच्या मागे बसविलेले असून ते उलटे फिरविले म्हणजे रात्री इंजिनावर उजेड पडतो. सांगाड्याची पुढील आडवी दांडी विलिसच्या गाडीत गोल नळीची, तर फोर्डच्या गाडीत उपड्या पन्हाळीसारखी असते. फोर्डने आपल्या पुष्कळ सुट्या भागांवर, बोल्टांवरसुद्धा, ‘एफ’ हे अक्षर उठविले आहे.

दुरुस्तीचा आरंभ रंगापासून कधीही करू नये. प्रथम प्रत्येक भागाचे छायाचित्र घेऊन त्यास चिठ्ठी बांधावी. नंतर सांगाडा वाकला आहे काय ते कर्णरेषा मोजून पाहावे. त्यानंतर ब्रेक, मग इंजिन व सर्वांच्या शेवटी रंग. घिवलीसारख्या समुद्रकाठच्या गावी खारा वारा हा लोखंडाचा मोठा वैरी होय. तळाच्या पत्र्याखालील सांधी तो आतून पोखरतो. तेथे सडका पत्रा कापून नवा जोडणे हा खरा उपाय; गंजावर पुटी थापून हिरवा रंग फासणे ही शुद्ध लबाडी.

विक्रीच्या वेळी तर सचोटीची खरी कसोटी लागते. २०२१ साली भारत सरकारने ऐतिहासिक वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली व धंद्यासाठी न वापरली जाणारी दुचाकी व चारचाकी वाहने त्यांत येतात. सांगाडा, इंजिन वा मूळ घडण ह्यांत मोठा फेरफार केलेली गाडी त्यास पात्र ठरत नाही. अर्थात विक्रेत्याने झाकलेला जोड खरेदीदारास पुढे नोंदणीच्या दारात नडतो.

म्हणून कोणते भाग जुने, कोणते नवे व कोणते दुसऱ्या गाडीचे, ह्याची यादी विक्रेत्याने स्वहस्ते लिहून द्यावी. अशा यादीने किंमत थोडी उतरेल. परंतु त्या गाडीचा इतिहास तिच्यासोबत खराखुरा पुढे जाईल. जीर्णोद्धार म्हणावयाचा तो ह्यालाच.