फेलूदा जयपूरला येतो तेव्हा...

सत्यजित राय जगाला ठाऊक आहेत ते चित्रपट दिग्दर्शक म्हणून. बंगालमधल्या मुलांना मात्र ते आधी भेटतात ‘फेलूदा’चे जनक म्हणून! प्रेमाचे त्रिकोण नाहीत, भडक वर्णनं नाहीत, तरीही त्यांची ही रहस्यमालिका तब्बल २७ वर्षं चालली. त्यासाठी त्यांनी स्वतःला कोणती बंधनं घालून घेतली आणि त्यांची किंमत काय मोजली?

जयपूरच्या माथ्यावर, अरवलीच्या कड्यावर नाहरगड उभा आहे. सवाई जयसिंगांनी १७३४ साली तो बांधला. तटावरून खाली पाहिलं की अख्खं गुलाबी शहर नजरेत मावतं. सूर्यास्त पाहायला इथे पर्यटकांची गर्दी होते. पण त्यात एखादं बंगाली कुटुंब असेल, तर त्यांना सूर्यास्ताच्या जोडीला आणखी एक गोष्ट हमखास आठवते. ‘सोनार केल्ला’ या चित्रपटात याच गडावरून एका भल्या माणसाला दरीत ढकलून दिलं जातं आणि त्याची जागा दुसराच कुणीतरी घेतो!

‘सोनार केल्ला’ म्हणजे सोन्याचा किल्ला. १९७१ साली ‘देश’ साप्ताहिकाच्या पूजा अंकात राय यांची ही कादंबरी आली. आपल्याकडे जसे दिवाळी अंक, तसे बंगालमध्ये दुर्गापूजेचे अंक. मुकुल नावाचा एक लहान मुलगा अचानक गेल्या जन्मीच्या गोष्टी सांगू लागतो. सोन्याचा किल्ला, मोर, जमिनीत पुरलेली रत्नं... बातमी वर्तमानपत्रात छापून येते आणि रत्नांच्या लोभाने दोन भामटे त्याच्या मागे लागतात. परामानसशास्त्राचा अभ्यास करणारे डॉ. हाजरा मुकुलला घेऊन राजस्थानात गेलेले असतात. कोलकात्यात काळजीत पडलेले वडील धाव घेतात ती फेलूदाकडे.

ही कल्पना निव्वळ हवेतली नव्हती. पूर्वजन्म आठवणाऱ्या मुलांचा अभ्यास त्या काळी जयपूरमध्येच चालू होता. राजस्थान विद्यापीठात १९६०च्या दशकात परामानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग होता आणि हेमेंद्रनाथ बॅनर्जी हे त्याचे संचालक होते. कादंबरीतल्या डॉक्टरांचं नाव आहे हेमांग हाजरा. दोन्ही नावांतलं साम्य चाणाक्ष वाचकाच्या नजरेतून सुटत नाही. राहिला किल्ला. जैसलमेरचा पिवळ्या दगडाचा किल्ला राय यांनी जवळून पाहिला होता. १९६९ साली पडद्यावर आलेल्या ‘गुपी गाईन बाघा बाईन’चं चित्रीकरण त्यांनी तिथेच केलं होतं. उन्हात सोन्यासारखा चमकणारा तो दगड त्यांच्या डोळ्यांत राहिला आणि पुढे त्याची रहस्यकथा झाली.

आजोबांचं मासिक

फेलूदाचा जन्म मात्र घरच्या गरजेतून झाला. राय यांचे आजोबा उपेंद्रकिशोर यांनी १९१३ साली ‘संदेश’ हे मुलांचं मासिक काढलं होतं. पुढे ते बंद पडलं. १९६१ साली राय यांनी कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्या साथीने ते पुन्हा सुरू केलं. मासिक म्हटलं की दर महिन्याला मजकूर हवा. चाळिशीत पोहोचलेला, ‘पथेर पांचाली’मुळे जगभर नाव झालेला हा दिग्दर्शक मग मुलांसाठी गोष्टी लिहू लागला. चित्रंही स्वतःच काढू लागला.

१९६५ साली ‘संदेश’मध्ये ‘फेलूदार गोएंदागिरी’ ही पहिली कथा आली. गोएंदागिरी म्हणजे हेरगिरी. कथा घडते दार्जिलिंगमध्ये. मालिका करायची, असा काही बेत तेव्हा नव्हता. प्रदोषचंद्र मित्तिर ऊर्फ फेलू हा सत्ताविशीतला हुशार तरुण आणि त्याचा शाळकरी चुलतभाऊ तपेश ऊर्फ तोपशे. ‘दा’ म्हणजे दादा. गोष्ट सांगतो तो तोपशे. वाचक मुलांच्याच वयाचा निवेदक असल्यामुळे फेलूदा अवघ्या बंगालचा थोरला भाऊ झाला. मुलांनी आणखी गोष्टी मागितल्या आणि राय लिहीत गेले. १९९२ पर्यंत ३५ कथा-कादंबऱ्या पुऱ्या झाल्या.

आपल्याकडच्या रहस्यकथेशी हा आकडा ताडून पाहण्यासारखा आहे. झुंजार आणि काळा पहाड यांना घराघरांत नेणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. गुरुनाथ नाईकांचीही गणती हजारातच होते. तिथे वाचकाला पुढचं पुस्तक लगेच हवं असे आणि लेखकाची लेखणी थांबत नसे. राय यांचं गणित निराळं होतं. वर्षाला एखाद-दुसरीच गोष्ट, पण ती कसून बांधलेली.

बंधनातून आलेली युक्ती

मुलांसाठी रहस्यकथा लिहिणं वाटतं तितकं सोपं नाही. मोठ्यांच्या रहस्यकथेत गुन्ह्यामागची कारणं तयार असतात. विवाहबाह्य संबंध, मत्सर, वासना. राय यांनी ही सगळी दारं स्वतःच बंद करून घेतली. मग उरलं काय? लोभ, चोरी, तोतयेगिरी, जुन्या मौल्यवान वस्तू आणि कोडी. एवढ्या भांडवलावर ३५ वेळा वाचकाला खिळवून ठेवायचं होतं!

त्यांनी यावर पहिला उपाय शोधला तो स्थळाचा. गोष्ट नव्या गावी न्यायची आणि त्या गावालाच कथेत पात्रासारखं वागवायचं. ‘बादशाही आंगटी’त लखनऊ, ‘गँगटोके गंडगोल’मध्ये सिक्कीम, ‘जय बाबा फेलुनाथ’मध्ये काशी. महाराष्ट्रही यातून सुटला नाही. ‘कैलाशे केलेंकारी’मध्ये भुवनेश्वरच्या मंदिरातून यक्षीच्या मूर्तीचं शिर चोरीला जातं आणि तस्करांचा माग काढत फेलूदा थेट वेरूळच्या कैलास लेण्यात पोहोचतो. ‘बोंबाइयेर बोंबेटे’ तर मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीतच घडते. राय यांना तिथले रंगढंग चांगलेच ठाऊक होते.

दुसरा उपाय म्हणजे सुगावा. फेलूदाजवळ पिस्तूल आहे, पण तो भरवसा ठेवतो ‘मगजास्त्रा’वर, म्हणजे मेंदूच्या शस्त्रावर. एका कथेत पाळीव पक्षी पुन्हा पुन्हा एकच वाक्य बोलतो आणि त्या वाक्याच्या उच्चारात तिजोरीचा आकडा दडलेला असतो. सगळं वाचकासमोर उघडं ठेवलेलं, तरीही चटकन न दिसणारं! वाचकाची फसवणूक नाही, मुलांना कमी लेखणं नाही. शेरलॉक होम्सचा वारसा राय यांनी कधी लपवला नाही. ‘लंडने फेलूदा’ या कथेत तर फेलूदा बेकर स्ट्रीटवर जाऊन होम्सला गुरू म्हणून वंदन करतो.

रहस्यकथेत रहस्यकथाकार!

राय यांची सर्वांत मोठी करामत मात्र राजस्थानला जाणाऱ्या गाडीत घडते. ‘सोनार केल्ला’च्या प्रवासात फेलूदा आणि तोपशे यांच्या डब्यात एक टक्कल पडलेले, बुटके, बोलघेवडे गृहस्थ चढतात. हे लालमोहन गांगुली. ‘जटायू’ या टोपणनावाने ते धडाकेबाज रहस्य-कादंबऱ्या लिहितात. त्यांचा नायक प्रखर रुद्र सहारा वाळवंटापासून कुठेही पराक्रम गाजवतो. पुस्तकं धडाधड खपतात. अडचण एकच. लेखकमहाशयांचं सामान्यज्ञान बेतास बात आहे! उंट पाणी कुठे साठवतो, इथपासून त्यांची गाडी घसरते. फेलूदा ती चूक शांतपणे सुधारतो. त्यानंतर जटायू छापण्याआधी आपलं लिखाण फेलूदाकडून तपासून घेऊ लागतात.

ही नुसती करमणूक नव्हती. जटायूंना अनुप्रासाची शीर्षकं आवडतात आणि ‘कैलाशे केलेंकारी’, ‘जतो कांड काठमांडूते’ अशी शीर्षकं तर खुद्द राय यांचीच! आपल्याच धंद्यातली घाई, सवंगपणा, ऐकीव माहिती यांना राय यांनी जटायूंच्या रूपाने शेजारी बसवलं आणि फेलूदाकडून त्यांना रोज तपासून घेतलं. तरीही जटायूंची कधी हेटाळणी केली नाही. हा माणूस भित्रा आहे, पण मित्रांसाठी संकटात उडी घेणारा आहे. होम्सला वॉटसन होता, फेलूदाला दोन सोबती मिळाले. एक गोष्ट सांगतो आणि दुसरा हसवतो.

पुस्तकात लपवलं, पडद्यावर दाखवलं

१९७४ साली पश्चिम बंगाल सरकारच्या निर्मितीत ‘सोनार केल्ला’चा चित्रपट झाला. फेलूदा झाले सौमित्र चॅटर्जी आणि जटायू संतोष दत्त. इथे राय यांनी आपल्याच कादंबरीची चौकट मोडली. कारण त्यांना एक अनुभव येऊन गेला होता.

१९६७ साली त्यांनी ‘चिडियाखाना’ हा चित्रपट केला होता. नायक उत्तमकुमार आणि कथा शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या ब्योमकेश बक्षीची. हे शरदिंदुबाबू १९३८ साली बॉम्बे टॉकीजसाठी मुंबईत आले, नंतर पुण्यात स्थायिक झाले आणि ब्योमकेशच्या उत्तरकाळातल्या कथा त्यांनी पुण्यातच लिहिल्या. ‘चिडियाखाना’ने राय यांचं समाधान झालं नाही. ‘खून कुणी केला?’ हे शेवटी सगळ्यांना गोळा करून सांगणं वाचताना रंगतं. पडद्यावर मात्र ते लांबलचक भाषण होतं.

म्हणून ‘सोनार केल्ला’मध्ये त्यांनी पत्ते आधीच उघडले. कादंबरी तोपशे सांगतो. त्यामुळे तो जिथे नाही, तिथलं काहीच वाचकाला दिसत नाही आणि कोण कुणाच्या नावाने वावरतोय हे शेवटीच कळतं. चित्रपटात कॅमेरा थेट नाहरगडावर जातो. प्रेक्षकाला खलनायक माहीत असतात, फेलूदाला नसतात. कुतूहलाची जागा धाकधूक घेते. गोष्ट तीच, लेखकही तोच, पण रहस्य बांधायची रीत मात्र उलटी!

चित्रपटाचा परिणाम पुस्तकांवरही झाला. संतोष दत्त जटायूच्या भूमिकेत इतके फिट बसले, की नंतरच्या कथांसाठी राय यांनी काढलेल्या चित्रांत जटायूला त्यांचाच चेहरा आला. १९७९ साली ‘जय बाबा फेलुनाथ’ पडद्यावर आला. १९८८ साली संतोष दत्त गेले. राय यांनी त्यानंतर फेलूदावर चित्रपट केला नाही.

तक्रारींची पत्रं

१९८३ साली ‘घरे बाइरे’च्या चित्रीकरणाच्या काळात राय यांना हृदयविकाराचा झटका आला. नवा चित्रपट हाती घ्यायला पुढे काही वर्षं जावी लागली. पण खुर्चीत बसून लिहिता येत होतं. केदारनाथ, काश्मीर, लंडन अशी फेलूदाची भटकंती कागदावर चालूच राहिली. घराचा खर्चही चित्रपटांपेक्षा पुस्तकांच्या मानधनावरच जास्त चालत असे.

प्रत्येक दीर्घ मालिकेला एक दिवस थकवा गाठतो. फेलूदाच्याही उत्तरकाळातल्या कथा पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत, असं वाचक म्हणू लागले. यावर राय यांनी काय केलं? त्यांनी ही तक्रार थेट कथेतच घेतली! १९९०च्या सुमाराच्या ‘नयन रहस्य’ची सुरुवातच अशी आहे, की फेलूदा उदास बसला आहे, कारण गोष्टी आता रंगत नाहीत, अशी वाचकांची पत्रं आली आहेत. दोष कुणाचा याची चर्चा होते. या गोष्टी लिहिल्या जातात मुलांसाठी, पण वाचतं सगळं घर आणि प्रत्येकाला खूश करणं कठीण, अशी खरी अडचण तिथे मांडली जाते.

हीच त्या बंधनाची किंमत होती. मुलांच्या जगात राहायचं ठरवल्यामुळे कित्येक विषय कायमचे दूर राहिले. फेलूदाच्या गोष्टींत बायका फारशा भेटतच नाहीत, हा आक्षेप आजही घेतला जातो आणि तो खरा आहे. मात्र खप वाढवण्यासाठी राय यांनी पहिल्या दिवशी आखलेली रेघ शेवटपर्यंत ओलांडली नाही.

२३ एप्रिल १९९२ रोजी राय गेले. ‘रॉबर्टसनेर रुबी’ ही फेलूदा-कादंबरी त्यांच्या मागे प्रसिद्ध झाली. पुत्र संदीप राय यांनी पुढे ‘बोंबाइयेर बोंबेटे’ (२००३) आणि ‘कैलाशे केलेंकारी’ (२००७) पडद्यावर आणले. मराठीत अशोक जैन यांनी केलेले फेलूदाच्या कथांचे अनुवाद रोहन प्रकाशनाने काढले आहेत.

घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल, तर सुट्टीत सुरुवात ‘सोनार केल्ला’पासून करायला हरकत नाही. क्रम मात्र चुकवू नये. आधी पुस्तक, मग चित्रपट. उलटं केलंत, तर मूल तुम्हाला पहिल्या पानालाच चोराचं नाव सांगून मोकळं होईल!